बोली कोणाची, आणि कोणाशीं?

ग्रियर्सनच्या हिंदुस्थानांतील भाषांच्या पाहणीचा सातवा खंड आम्ही परवां बऱ्याच वर्षांनीं पुन्हा उघडला. निमित्त क्षुल्लक होतें. आमच्या वर्गांतील एका मुलीनें वाडवळी बोलीवर निबंध लिहावयास घेतला आणि आपल्या बोलीविषयीं पूर्वीं कोणी कांहीं लिहिलें आहे काय, असें आम्हांस विचारलें. पालघरास इतकीं वर्षें शिकवून या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तोंडपाठ नसावें ही नामुष्कीच. म्हणून कपाटें धुंडाळलीं. लिहिलें गेलें आहे तें थोडें नाहीं. परंतु त्या मुलीला जें हवें होतें तें त्यांत शोधूं लागतांच आमची निराशा झाली. तिचें म्हणणें असें : घरीं आजी तिच्याशीं वाडवळींत बोलते, आई सासूशीं वाडवळींत व मुलीशीं ‘शुद्ध’ मराठींत बोलते, आणि ती स्वतः आजीला देखील पुस्तकी मराठींतच उत्तर देते. हें केव्हां झालें, कोणी ठरविलें, आणि आजीला त्याचें काय वाटतें, हें तिला जाणून घ्यावयाचें होतें. शब्दांच्या याद्या तिला नको होत्या.

प्रथम ग्रियर्सनचा खंड घेऊं. तो १९०५ सालीं निघाला. त्याची मांडणी स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानें केली. पालघर हा वेगळा जिल्हा २०१४ सालीं झाला. त्या वेळीं हा सारा मुलूख ठाणें जिल्ह्यांतच मोडत असे. परभी, कोळी, कुणबी, आगरी, भंडारी, वाडवळ, सामवेदी, वारली, कातकरी अशा उत्तर कोंकणच्या बोली त्या खंडांत एकत्र भेटतात, आणि त्या काळचा एवढा संग्रह आपणांस दुसरीकडे लाभता ना, हें आधींच कबूल केलें पाहिजे. दोष आहे तो नमुने गोळा करण्याच्या रीतींत. शुभवर्तमानांतील उधळ्या मुलाची गोष्ट जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांकडे पाठवावयाची आणि तिचें स्थानिक बोलींत भाषांतर करवून घ्यावयाचें, अशी ती रीति. सर्वत्र मजकूर एकच असला म्हणजे तुलना सोपी होते, हा फायदा उघड आहे. पण बापाकडून वाटणी मागून घेणारा धाकटा मुलगा, डुकरें चारण्याची चाकरी, परत आल्यावर अंगावर झगा नि बोटांत अंगठी, हा सारा प्रपंच डहाणू-तलासरीच्या रानांतल्या वारल्याच्या घरचा नव्हे. त्याच्या बोलीचें वैभव ऐकावयाचें तर तें लग्नाच्या चौकापुढें गाणाऱ्या धवलेरीच्या तोंडून ऐकावें. भाषांतराला बसलेला मनुष्य मूळ वाक्याच्या चालीनेंच चालतो. त्यांतून काम सरकारी, आणि समोर लिहून घेणारा कारकून! अशा वेळीं कोण घरच्यासारखा बोलेल? छापलेली वारली खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ती कचेरींतली वारली आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

दुसरी गोष्ट नांवांची. वरची यादी वाचकांनीं पुन्हा पाहावी. ती बोलींची आहे कीं जातींची, असा प्रश्न पडल्यावांचून राहणार नाहीं. एकाच गांवांतल्या भंडाऱ्याची बोली निराळी आणि कुणब्याची निराळी, असें एकदां ठरविलें कीं दोघे एका बांधावर उभे राहून कोणत्या भाषेंत भांडतात हें पाहण्याचें कारणच उरत नाहीं. मात्र जातवार बोली ही कल्पना अगदींच निराधार आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. राजवाड्यांनीं १९२४ सालीं छापलेली महिकावतीची बखर ज्यांनीं वाचली असेल त्यांना ठाऊक आहे कीं, या किनाऱ्यावरचीं कुळें बिंब राजाबरोबर बाहेरून येथें येऊन वसल्याची कथा तींत आहे. वेगळ्या वाटांनीं आलेलीं माणसें वेगळें बोलत असलीं तर त्यांत नवल नाहीं. नवल याचें कीं, शतकानुशतकें शेजारीं राहूनहि त्यांच्या बोलण्यांतलें वेगळेपण टिकलें. तें कशानें टिकलें, हा प्रश्न त्या खंडाला पडलेला नाहीं.

पुढच्या कामांविषयीं थोडक्यांत. अ. मा. घाटगे यांनीं साहित्य संस्कृति मंडळासाठीं मराठीच्या बोलींची जी पुस्तकमाला केली तींत ठाण्याच्या वारलीवर एक पुस्तक आहे. तें नेटकें आहे, पण तें अभ्यासकांचें पुस्तक, घरीं वाचावयाचें नव्हे. गणेश देवी यांच्या पुढाकारानें झालेल्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनीं २०१३ सालीं संपादिला. त्यांत बोली बोलणाऱ्यांनाच लेखणी दिली, हें आम्हांस फार आवडलें. लेखांचा कस मात्र सारखा नाहीं. कांहीं ठिकाणीं अभिमानानें अभ्यासाची जागा घेतली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानें गेल्या दशकांत हातीं घेतलेली पाहणी या सर्वांत सरस वाटते. सोनल कुलकर्णी-जोशी व त्यांचे सहकारी गांवोगांव हिंडले, माणसांचे आवाज मुद्रित केले, आणि एकाच वस्तूला कोठें काय म्हणतात याचे नकाशे सर्वांना पाहतां येतील असे मांडले. उधळ्या मुलाची येथें सुटका झाली आहे! जिवंत आवाज ऐकूं येतो, आणि हा लाभ लहान नाहीं.

तथापि या पाहण्यांवरून मुख्यतः समजतें तें हें कीं, अमुक शब्द कोण उच्चारतो. तो कोणापुढें उच्चारतो आणि कोणापुढें गिळून टाकतो, हें समजत नाहीं. आणि सामान्य माणसाचें सुखदुःख याच दुसऱ्या गोष्टींत आहे.

एक उदाहरण देतों. त्यांत अपराधी आम्हीच आहों. आमच्या किनाऱ्यावरील कांहीं बोलींत, विशेषतः वसईच्या सामवेदींत, ‘स’ च्या ठिकाणीं ‘ह’ येतो. गुजराती बोलींतहि हा प्रकार आढळतो. सामवेदी बोलणारा ‘सात’ न म्हणतां ‘हात’ म्हणतो. नोकरीच्या आरंभीं आमच्या वर्गांत वसईकडचा एक मुलगा होता. सातव्या पानावरचा उतारा वाचावयाचा होता. त्यानें तो ‘हातवा’ केला. वर्ग हंसला, आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीहि हंसलों. वर्ष संपेपर्यंत त्या मुलानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं. वास्तविक आमचें इंग्रजी शिक्षण कामास येण्याची तीच वेळ होती. संस्कृतांत जो ‘सप्त’ तोच इराणांत ‘हप्त’ आणि ग्रीकांत ‘हेप्टा’. त्या इराणी साताचीच फारशी ‘हफ्ता’, आणि तिच्यावरून आमचा ‘हप्ता’. घराच्या कर्जाचा हप्ता भरतांना कोणी हंसत नाहीं. सिंधूचा हिंदु झाला तो याच वाटेनें, आणि त्या नांवाचा अभिमान धरणारे गृहस्थच ‘हातवा’ ऐकून नाकें मुरडतात! ध्वनीचा नियम तोच. एकाला इतिहास म्हणावयाचें आणि दुसऱ्याला गांवंढळपणा, हा निवाडा भाषेच्या शास्त्रानें केलेला नाहीं. तो आपण पांढरपेशांनीं केला आहे.

असा निवाडा समाजांत कसा चालतो याचा अभ्यास महाराष्ट्रांत झालाच नाहीं असें मात्र नव्हे. मॅक्सिन बर्नसन या अमेरिकन विदुषीनें फलटणच्या मराठींतील सामाजिक थर हा विषय घेऊन १९७३ त पेनसिल्व्हानिया विद्यापीठाची डॉक्टर पदवी मिळविली. अभ्यास संपवून त्या निघून गेल्या नाहींत. फलटणलाच राहिल्या आणि मुलांच्या शिक्षणाचें काम त्यांनीं अंगावर घेतलें. ज्या समाजाचे उच्चार टिपले त्याच्या मुलांना वाचावयास शिकविणें, ही गोष्ट आम्हांस त्या प्रबंधाइतकीच मोलाची वाटते.

दुसरा अभ्यास सांगलीजवळच्या कुपवाडचा. गंपर्झ व विल्सन यांचा त्यावरील लेख १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या गांवांत जैनांच्या घरीं कन्नड, मुसलमानांच्या घरीं उर्दू, इतरांच्या घरीं मराठी, आणि थोड्या घरांत तेलुगु. पुरुषांना रोजच्या व्यवहारांत एकीहून अधिक भाषा लागत. पिढ्यान्‌पिढ्या असें चालल्यावर या भाषांचीं वाक्यें इतकीं एका सांच्याचीं झालीं कीं, शब्दामागें शब्द ठेवून एकीचें दुसरींत भाषांतर करावें. पण शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळेच राहिले. सर्वांच्या घरांचा आराखडा एक, आणि दारावरची पाटी निराळी! वेगळेपण टिकलें तें उंबऱ्याच्या आंत, कारण घरची भाषा हीच घरच्या माणसाची खूण होती. आणि चारचौघांत बोलावयाची तर मराठी, कारण ती कोणाएकाच्या घरची म्हणून दुसऱ्यास डांचत नसे. महिकावतीच्या बखरीजवळ आम्हांस पडलेल्या प्रश्नाचें निदान अर्धें उत्तर येथें मिळतें. कुपवाडचे हे अभ्यासक घरांत कोण, पारावर कोण, बाजारांत कोण, हें विचारीत गेले, म्हणून त्यांस तें सांपडलें.

आमच्या भागांत हा प्रश्न विचारावयास किती जागा आहेत! एका कचेरींत आम्ही दाखल्यासाठीं बांकावर बसलों होतों. पुढें सत्तरीचा एक वारली म्हातारा उभा होता. पंचविशींतला कारकून त्याला ‘तूं’ म्हणत होता, आणि लगेच आमच्याकडे वळून आम्हांस ‘आपण’. दोन्ही वाक्यांतलें व्याकरण निर्दोष होतें. ब्राऊन व गिलमन यांनीं युरोपांतील भाषांविषयीं १९६० सालीं दाखविलें कीं, असल्या सर्वनामांत एका बाजूस सत्ता असते आणि दुसऱ्या बाजूस जिव्हाळा. आमच्या ‘तूं’ मध्यें दोन्ही आहेत : आईला म्हणतों तो ‘तूं’ वेगळा, आणि त्या खिडकींतला वेगळा. कोणत्याहि नकाशावर हा फरक उमटणार नाहीं, कारण दोन्हीकडे शब्द एकच आहे.

आणि बोईसर? तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ त सुरू झालें, त्यामागून बोईसरजवळ कारखान्यांची वसाहत वाढली, आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा येथून माणसें कामास आलीं. स्टेशनाबाहेर भाजीची पाटी घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून भाषा काढते. शेजारणीशीं तिची घरची बोली, शिक्षिकेशीं पुस्तकी वळणाची मराठी, कामगाराशीं हिंदी, आणि व्यापाऱ्याशीं थोडी गुजराती. हें सारें एका जुडीच्या सौद्यांत होतें. जुन्या पाहण्यांना माणूस हवा असे तो म्हातारा, गांव न सोडलेला, फारसें न शिकलेला. त्या कसोटीस ही बाई उतरावयाची नाहीं. किंबहुना ‘गांव’ हेंच माप येथें पुरें पडत नाहीं. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठून दुसरीकडे वसलीं. नव्या जागीं शेजार निराळा, बाजार निराळा, मुलांचे सोबती निराळे. तेथल्या घरांत कोण कोणाशीं काय बोलतो, याची नोंद आतांच कोणीं तरी करून ठेवली पाहिजे. कुपवाडला जें घडावयास शतकें लागलीं त्याचा आरंभ कदाचित् येथें डोळ्यांसमोर होत असेल, अथवा तेथल्याहून अगदीं उलट होऊन एकच भाषा बाकीच्यांना गिळीत असेल. आमची भीति दुसऱ्या प्रकाराची आहे. पण भीति म्हणजे पुरावा नव्हे.

त्या मुलीला आम्ही एवढेंच सुचविलें कीं, शब्द गोळा करूं नकोस. आठवडाभर घरांत कोण कोणाशीं काय बोललें तें रोज रात्रीं लिहून ठेव. तिनें आधीं आजीचें बोलणें भ्रमणध्वनीवर मुद्रित करण्याचा प्रयत्न केला. यंत्र समोर दिसतांच आजी सांवरून बसली, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि जन्मांत कधीं बोलली नव्हती अशी पुस्तकी मराठी बोलूं लागली. लबोव्ह या अमेरिकन पंडितानें ही अडचण फार पूर्वीं सांगून ठेविली आहे : माणसें निरीक्षणाखालीं नसतां कशीं बोलतात हें पाहावयाचें, आणि तें निरीक्षणावांचून पाहतां तर येत नाहीं. मुलगी हिरमुसली. आम्ही तिला म्हटलें, हेंच निबंधाचें पहिलें पान. यंत्र बंद करून ती स्वयंपाकघरांत गेली, तेव्हां आजीनें मागून हांक मारून वाडवळींत विचारलें, मी बरोबर बोललें ना? त्यावर मुलीनें उत्तर कोणत्या भाषेंत दिलें, तें तिनें वहींत लिहिलेलें नाहीं. आम्हीं विचारलें तेव्हां तिला आठवेना.