जगज्जेत्यांची ओहोटी

दिवाळी अंकात मुष्टियुद्धावर लेख लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात लोखंडाचे चणे वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. तरीही हा विषय मी घेतो आहे. एखादी तालीम ओस पडली की आपण तिच्या जुन्या वैभवाबद्दल हळहळतो. पण तिथली पोरे गेली कुठे, हे सहसा कोणी विचारीत नाही. अमेरिकेतल्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटाच्या मुष्टियुद्धाबद्दल मला हाच प्रश्न विचारायचा आहे.

आधी वैभव पाहू. १८९२ साली न्यू ऑर्लिन्स येथे जेम्स कॉर्बेटने जॉन सलिव्हनला हरवले. दोघांच्याही हातांत मोजे होते, आणि तिथून या गटाचा आधुनिक इतिहास सुरू होतो असे मानतात. त्या वर्षापासून १९८० पर्यंतच्या जगज्जेत्यांची यादी काढली, तर परकी नावे एका हाताच्या बोटांवर मोजता येतात: इंग्लंडात जन्मलेला फिट्झसिमन्स, कॅनडाचा बर्न्स, जर्मनीचा श्मेलिंग, इटलीचा कार्नेरा आणि स्वीडनचा योहान्सन. बाकी सारे अमेरिकेचे. जो लुईसने १९३७ पासून १९४९ पर्यंत हे पद सांभाळले आणि पंचवीस आव्हाने परतवली. रॉकी मार्सियानो १९५६ साली निवृत्त झाला, तो ४९ लढतींत एकदाही न हरता. आणि मुहम्मद अलीबद्दल काय सांगावे? मुष्टियुद्धाचे ‘रिंगण’ प्रत्यक्षात चौकोनी असते हेही ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्याही तोंडी त्याचे नाव होते.

आता दुसरे टोक. या खेळात आज चार प्रमुख संस्था आहेत आणि प्रत्येकीचा जगज्जेतेपदाचा पट्टा वेगळा आहे. २००७ सालच्या जूनपासून २०१५ सालच्या जानेवारीपर्यंत या चारांपैकी एकही पट्टा अमेरिकन कमरेला नव्हता. डिऑन्टे वाइल्डरने २०१५ साली एक परत आणला. तो २०२० साली इंग्लंडच्या टायसन फ्युरीने हिसकावून घेतला. पुढे १८ मे २०२४ रोजी युक्रेनच्या ऑलेक्झांडर उसिकने फ्युरीला हरवून चारही पट्टे एकत्र केले. एक लढवय्या युक्रेनचा, दुसरा इंग्लंडचा आणि आखाडा सौदी अरेबियातल्या रियाधचा! ज्या घरची ही जहागीर होती, ते घर प्रेक्षकांत बसले होते.

असे का झाले? जाणकारांकडे याची उत्तरे तयार असतात. ती एकेक करून पारखून पाहू.

पहिले उत्तर पैशाच्या थैल्यांचे आणि पट्ट्यांच्या बाजाराचे. १९५० नंतरच्या दशकात दूरचित्रवाणी घरोघर आली आणि आठवड्यातून अनेक रात्री लढती फुकट दिसू लागल्या. मग गावोगावच्या लहान क्लबांत तिकीट काढून कोण जाणार? नवशिके जिथे शिकत, हरत आणि पुन्हा उभे राहत, ते क्लब ओस पडले. पुढे मोठ्या लढती घरच्या पडद्यावरून उचलून नेल्या गेल्या. १९७१ साली न्यूयॉर्कला अली आणि जो फ्रेझर लढले, तेव्हा प्रत्येकाला पंचवीस लाख डॉलर मिळाले आणि जगाने ती लढत चित्रपटगृहांतून पाहिली. त्यानंतर आल्या जादा पैसे मोजून पाहायच्या वाहिन्या. जो खेळ शेजारच्या पोराला फुकट दिसत नाही, तो खेळ ते पोर खेळावे कसे? त्यातच एका सिंहासनाची चार झाली. चार राजे असलेल्या राज्यात प्रजेला राजाचे नाव विचारू नये. पडद्यामागे गुंडांचा वावर तर जुनाच होता. न्यूयॉर्कच्या फ्रँकी कार्बोला त्यासाठी १९६१ साली मोठी शिक्षा झाली.

हे सगळे खरे आहे. पण या उत्तराने खेळाची पत का घसरली ते कळते, अमेरिकन का हरू लागला ते कळत नाही. बाजार सर्वांसाठी सारखाच नासला होता. त्याच नासक्या बाजारात युक्रेनचे क्लिच्को बंधू वर्षानुवर्षे जिंकत राहिलेच ना?

दुसरे उत्तर मला अधिक आवडते, कारण ते अभिमानाला टोचते. अमेरिकन ज्याला ‘जग’ म्हणत, ते पूर्वी अर्धेच जग होते. सोविएत रशियात आणि क्यूबात पैशासाठी मुष्टियुद्ध करण्यास बंदी होती. क्यूबाच्या तिओफिलो स्टीव्हनसनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली. पण पैशाच्या रिंगणात तो कधी उतरला नाही, म्हणून तो अलीपुढे टिकला असता की नाही हा वाद कायमचा उरला. १९९१ साली सोविएत संघ मोडला आणि बांध फुटला. व्लादिमिर क्लिच्को १९९६ सालचा ऑलिंपिक विजेता, उसिक २०१२ सालचा. सरकारी शाळांतून लहानपणापासून तयार झालेली ही माणसे बाजारात आली, तेव्हा कुठे जगज्जेता हा शब्द खरा झाला. त्या अर्थाने ही अमेरिकेची पडझड नव्हे, स्पर्धेची वाढ आहे.

मात्र एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. सारे जग ऑलिंपिकमध्ये पूर्वीही येतच होते, आणि तिथे फ्रेझरने १९६४ साली व फोरमनने १९६८ साली सुवर्णपदके आणली होती. रे मर्सरने १९८८ साली आणले, त्यानंतर वरच्या दोन्ही वजनगटांत अमेरिकेला सोने मिळालेले नाही. २०१२ साली तर अमेरिकेच्या पुरुषांना मुष्टियुद्धात एकही पदक मिळाले नाही. घरातच काहीतरी आटले होते, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून तिसरे उत्तर, जे सर्वांच्या ओठांवर असते: धिप्पाड पोरे फुटबॉलकडे आणि बास्केटबॉलकडे गेली. पंधरा वर्षांच्या आडदांड मुलाला तिकडे शाळाच मैदान देते, शिक्षक देते आणि पुढे महाविद्यालयाची फी माफ करते. मुष्टियुद्धात यातले काहीही नाही. महाविद्यालयांची मुष्टियुद्ध स्पर्धा तर १९६० साली, एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर, कायमची बंद झाली. यावर कोणी म्हणेल की फुटबॉल अलीच्या काळीही होता. होता, पण तो कोणासाठी होता? दक्षिणेकडील अनेक विद्यापीठांच्या फुटबॉल संघांत कृष्णवर्णीय मुलांना १९६० नंतरचे दशक सरत येईपर्यंत जागा नव्हती. जो लुईस १९३७ साली जगज्जेता झाला, तेव्हा व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉल या दोहोंची दारे त्यांना बंद होती. मुष्टियुद्धाचे दारही किलकिलेच होते. जॅक जॉन्सन १९१५ साली हरल्यानंतर बावीस वर्षे एकाही कृष्णवर्णीयाला या पदासाठी लढू दिले गेले नव्हते.

हे उत्तर मला पटते. मात्र लोक ते चुकीच्या रीतीने सांगतात. ते म्हणतात, मोठे देह गेले. पण मार्सियानो केवळ १८५ पौंडांच्या आसपासचा होता आणि लुईस २०० च्या. उसिकही फ्युरीपुढे उंचीने आणि वजनाने लहानच होता, आणि तो जिंकला तो पायांच्या चपळाईने आणि डोक्याने. तेव्हा उणीव देहांची नव्हे, विद्येची असली पाहिजे, असे वाटू लागते. तेही खरे नाही! डेट्रॉइटचे इमॅन्युएल स्टुअर्ड हे अस्सल अमेरिकन वस्ताद. त्यांनी इंग्लंडच्या लेनॉक्स लुईसला घडवले आणि पुढे व्लादिमिर क्लिच्कोलाही. विद्या अमेरिकेतच होती, गुरूही तिथेच होते. शिष्य तेवढे बाहेरून येत होते. फिलाडेल्फियात फ्रेझरची स्वतःची तालीम होती. ती २००८ साली बंद पडली आणि त्या जागी फर्निचरचे दुकान आले.

मग शिष्य का आटले? हे कळायला जगज्जेत्यांची घरे पाहावी लागतात. मार्सियानोचा बाप इटलीहून आलेला, जोड्यांच्या कारखान्यातला कामगार. लुईसचे आईबाप अलाबामात दुसऱ्याचे शेत वाट्याने कसणारे. लिस्टन मुष्टियुद्ध शिकला तुरुंगात. फ्रेझर कत्तलखान्यात राबत होता, आणि टायसनला सुधारगृहातून वस्तादाच्या हाती दिले गेले. आयरिश झाले, इटालियन झाले, कृष्णवर्णीय झाले. ज्या वस्तीला दुसरा जिना नव्हता, ती वस्ती हा जिना चढली, आणि दुसरा जिना मिळताच हा सोडून गेली. अमेरिकन हेवीवेटचे वैभव बंद दारांवर उभे होते. दारे उघडू लागली तशी तालीम रिकामी होत गेली. माझ्या मते या ओहोटीचे मुख्य कारण हेच, आणि बाकीची कारणे याच्या हाताखालची.

इथे मला स्वतःचीही झडती घेतली पाहिजे. या लढतींनी मला अतोनात आनंद दिला आहे. किन्शासात १९७४ साली दोरांना टेकून मार खात राहिलेला आणि आठव्या फेरीत फोरमनला झोपवणारा अली मी चित्रफितीवर किती वेळा पाहिला असेन! पण १९९६ साली अटलांटाला ज्योत पेटवताना थरथरणारा त्याचा हातही मी पाहिला. त्याचा आजार कशाने झाला, यावर वैद्यांचे काही म्हणणे असो. त्यानंतर मला पूर्वीसारख्या निर्भेळ टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

आणखी एक नाव सांगतो. १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक जिंकले, हे आपल्या घराघरात ठाऊक आहे. त्याच हेलसिंकीत एड सँडर्स नावाच्या अमेरिकन तरुणाने हेवीवेट मुष्टियुद्धाचे सुवर्णपदक जिंकले. अंतिम लढतीत प्रतिस्पर्धी त्याच्या अंगाला येईना, तेव्हा पंचांनी त्या प्रतिस्पर्ध्यालाच बाद केले. बाद झालेला तो खेळाडू म्हणजे योहान्सन. पुढे १९५९ साली तो जगज्जेता झाला. आणि सुवर्णपदक जिंकणारा सँडर्स? डिसेंबर १९५४ मध्ये बोस्टनच्या एका लढतीत तो कोसळला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. वय अवघे चोवीस.

तेव्हा तालीम ओस पडली म्हणून रडावे का? रडू नये, असे माझे मत आहे. आणि ते देताना माझा रसिक जीव खट्टू होतो हेही लपवीत नाही. दुसरा जिना अगदी सुरक्षित आहे असेही नाही. पिट्सबर्गचा नामांकित फुटबॉलपटू माइक वेबस्टर २००२ साली वारला आणि बेनेट ओमालू या वैद्यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा मुष्टियोद्ध्यांत आढळणाऱ्या विकाराचीच भावंडे तिथे सापडली. दारिद्र्यही काही अमेरिकेतून गेलेले नाही. फरक एवढाच की गरिबाच्या दांडग्या पोराला आता निवड आहे, आणि निवड मिळताच बहुतेकांनी डोक्यावर थेट ठोसे खाणे नाकारले. एखाद्या कलेबद्दल याहून कठोर अभिप्राय कोणता टीकाकार देऊ शकेल?

१९७३ साली अलीचा जबडा मोडणारा केन नॉर्टन अनेकांना आठवत असेल. त्याच्या मुलाचे नावही केन नॉर्टनच. बापाचे खांदे, बापाची छाती, सगळे त्याला मिळाले होते. पण तो फुटबॉलमध्ये गेला आणि तिथले सर्वोच्च विजेतेपद त्याने लागोपाठ तीन हंगाम जिंकले. एकदा मैदानावर मोठा पराक्रम केल्यावर आनंदाच्या भरात तो गोलखांबापाशी धावला आणि खांबाच्या गादीवर त्याने बापासारखे ठोसे लगावले. घराण्याची विद्या हातात होती. मला तेवढी पुरे वाटते, कारण समोर कोणाचे डोके नव्हते.