पाच चित्रपट आणि एक खाडाखोड

ऑस्करच्या भानगडीत बँकेच्या कारकुनानं नाक खुपसू नये, हे मला मान्य आहे. पण २०२५ च्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेले पाचही ॲनिमेशनपट मुलीनं मला समोर बसवून दाखवले. आणि पाच रकमा दिसल्या की बी.कॉम. माणसाचा हात शिवशिवतो. तेव्हा हा ताळेबंद.

पाचवा ‘इनसाइड आऊट २’. डोक्यात प्रत्येक भावनेचं वेगळं काउंटर. त्यात चिंतेचं नवं काउंटर उघडलं ते झकास, पण जो तो आपलीच पाटी वाचून दाखवतो! चौथा ‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’. मातीच्या बाहुल्या अप्रतिम, पण दुःखाला चक्रवाढ व्याज. तिसरा वॉलेस आणि ग्रोमिटचा. त्यातल्या हिरेचोर पेंग्विनच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. कर्ज नाकारणारे साहेबच!

दुसरा ‘द वाइल्ड रोबॉट’. रॉझ नावाची यंत्रबाई हंसाचं पोरकं पिल्लू वाढवते, त्याला उडायला शिकवते. शेवटची हाणामारी नसती तरी चाललं असतं. पहिला लाटव्हियाचा ‘फ्लो’. पुरात सापडलेलं मांजर, फुकट मिळणारं ब्लेंडर सॉफ्टवेअर, आणि जवळजवळ दीड तासात एकही शब्द नाही. एवढी काटकसर! ऑस्करही त्यालाच मिळालं.

यादी मुलीला दाखवली. म्हणाली, “बाबा, ते पिल्लू थव्याबरोबर उडून गेलं तेव्हा चष्मा कोण पुसत होतं?”

जूनमध्ये ती शिकायला पुण्याला चालली आहे.

मी मुकाट्यानं दोनाचा एक आणि एकाचे दोन केले, आणि शेजारी छोटी सही ठोकली. खाडाखोड केली की सही लागतेच.