सबुद्ध वस्तू आणि रूपांतर : नियमसंहितेतील एक मौन

मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांचा विचार साहित्यसमीक्षेत झाला तो मुख्यतः कथनाच्या अंगाने. खेळाडू पात्रे कशी उभी करतात, सूत्रधार प्रसंग कसे रचतो, अनेकांच्या बोलण्यातून एक कथा कशी आकारास येते, हे प्रश्न त्यात येतात. गॅरी ॲलन फाइन यांच्या ‘शेअर्ड फँटसी’ (१९८३) या ग्रंथाने या खेळांच्या समाजशास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला. परंतु ज्या पुस्तकांच्या आधारे हे सारे घडते ती नियमपुस्तके स्वतः एक संहिता असतात आणि संहिता म्हणून ती वाचता येतात, याकडे त्या मानाने दुर्लक्षच झाले. नियमपुस्तकात व्यक्तिचित्रण नसते, वर्णनही बेताचेच असते. पण जगात काय काय असू शकते आणि त्याचे काय काय होऊ शकते, याविषयीची विधाने तेथे खच्चून भरलेली असतात. अशा विधानांमागे सत्ताशास्त्र असते, लिहिणाऱ्याला त्याची जाणीव असो वा नसो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली तीन पुस्तिकांच्या रूपात आला, आणि त्या पुस्तिकांतच मंत्रसिद्ध तलवारींना इतर शस्त्रांपासून वेगळे काढलेले आहे. तलवारीला नैतिक कल असतो, बुद्धीचा अंक असतो आणि अहंचाही अंक असतो. हा अहं पुरेसा मोठा असेल तर धारण करणाऱ्यालाच ती आपल्या इच्छेने चालवू शकते. या कल्पनेची पूर्वपीठिका वाङ्मयीन आहे. ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यात कुल्लेर्वो आत्मघातापूर्वी आपल्या तलवारीला प्रश्न विचारतो आणि ती उत्तर देते. टॉल्किनने तोच प्रसंग तूरिनच्या कथेत घेतला. मायकेल मूरकॉकच्या एल्रिककथांतील स्टॉर्मब्रिंगर ही तलवार तर धन्याला बळ देते आणि त्याच्या आप्तांचे आत्मे गिळते. लॉरेन्स शिक यांच्या ‘व्हाइट प्लूम माउंटन’ (१९७९) या साहसात आलेली ब्लॅकरेझर तलवार उघडउघड हिचीच वारस आहे.

तलवारीच्या जोडीने या खेळात पहिल्यापासून आणखी एक विद्या आहे, ती रूपांतराची. मांत्रिक स्वतःचे, मित्राचे वा शत्रूचे रूप पालटू शकतो. सबुद्ध वस्तू आणि रूपांतरमंत्र या दोन गोष्टी एकमेकींसमोर आल्या की प्रश्न दोन बाजूंनी उभा राहतो. तलवार धारण करणारा अस्वल झाला तर तलवारीच्या मनाचे काय होते? आणि मंत्र थेट तलवारीवरच टाकला तर काय होते? या प्रश्नांना नियमसंहितेने वेळोवेळी दिलेली उत्तरे, आणि त्याहीपेक्षा न दिलेली उत्तरे, तपासण्यासारखी आहेत.

रूपांतरित प्राण्याच्या मनाचा प्रश्न १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये विलक्षण कठोरपणे सोडवलेला दिसतो. दुसऱ्यावर टाकलेल्या पॉलिमॉर्फ मंत्राने शरीर पालटते ते लगेच. मन मात्र नव्या रूपाच्या स्वाधीन होण्याची शक्यता रोज फाशावर तपासायची असते. मूळ शक्यता १०० टक्के. बुद्धीच्या प्रत्येक अंकामागे त्यातून ५ टक्के वजा होतात, आणि जुन्या-नव्या रूपांच्या बळातील फरकानुसार पुन्हा काही अधिकउणे होते. ओव्हिडच्या ॲक्टिऑनचे हरीण होते तेव्हा त्याचे मन तसेच राहते आणि त्यातच त्या शिक्षेचे क्रौर्य असते. येथे क्रौर्य निराळे आहे. मन आज आहे, उद्या असेलच असे नाही, आणि ते टिकण्याची हमी फक्त बुद्धी देते. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी आलेल्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये सबुद्ध तलवारींची बुद्धी १२ ते १७ या टप्प्यात ठेवलेली आहे. नुसत्या अंकगणिताने पाहिले तर सामान्य माणसापेक्षा तलवारच आपले मन अधिक काळ सांभाळू शकली असती. पण नियम प्राण्यांसाठी आहे. तलवारीचा विचार त्या परिच्छेदात झालेलाच नाही.

हा विचार पुढे झाला, पण ज्या रीतीने झाला ती अधिक बोलकी आहे. २००० साली आलेल्या आणि २००३ मध्ये सुधारलेल्या तिसऱ्या आवृत्तीचा स्वभाव वर्गीकरणाचा आहे. जगातील प्रत्येक गोष्ट कोणत्या ना कोणत्या कोटीत बसलीच पाहिजे, हा तिचा आग्रह. सबुद्ध वस्तूंना बुद्धी, विवेक आणि व्यक्तिमत्त्वप्रभाव हे तिन्ही गुणांक असल्यामुळे त्यांना जीव मानता येते, आणि त्यांची गणना रचितांमध्ये, म्हणजे घडवलेल्या पुतळ्यांच्या वर्गात करावी, असे ही आवृत्ती स्पष्टपणे सांगते. प्रश्न सुटला असे वाटावे. पण आता रूपांतरमंत्रांकडे वळावे. २००३ च्या सुधारित पुस्तकातला पॉलिमॉर्फ राजीखुशीने तयार असलेल्या जिवंत प्राण्यावरच चालतो. रचित हे जिवंत नव्हेत, म्हणून तलवार बाहेर. शत्रूला बेडूक करणारा जो मंत्र आहे, त्याला शरीरबळाच्या जोरावर प्रतिकार करायचा असतो. असा प्रतिकार मागणारे बहुतेक मंत्र रचितांना लागूच पडत नाहीत, म्हणून तलवार येथेही बाहेर. उरला तो कोणतीही वस्तू पालटणारा महामंत्र. त्याच्या वर्णनात मंत्रसिद्ध वस्तूंवर परिणाम होत नाही, असे सरळच म्हटले आहे. तलवार एकदा निर्जीव म्हणून सुटते, एकदा रचित म्हणून आणि एकदा वस्तू म्हणून. कारणे तीन, परस्परांशी न जुळणारी; निष्पत्ती मात्र एकच.

याच महामंत्राच्या उदाहरणांत गोट्याएवढ्या खड्याचा माणूस होतो आणि २० मिनिटे टिकतो. नव्या रूपाची बुद्धी त्याला मिळते, मुळात नसलेले इतर मानसिक गुणही मिळतात. म्हणजे येथे मन रूपाबरोबर येते. त्याच पुस्तकातल्या साध्या पॉलिमॉर्फमध्ये मात्र मन रूपाबरोबर जात नाही, ते मूळ धन्यापाशीच राहते. एकाच ग्रंथात मनाविषयीचे दोन सिद्धान्त शेजारी शेजारी नांदत आहेत. ज्या एका गोष्टीवर त्यांची टक्कर झाली असती, म्हणजे जी वस्तूही आहे आणि जिला मनही आहे, ती दोन्हींच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे.

दुसऱ्या बाजूचा प्रश्न, धारकाच्या रूपांतराचा, याहून अधिक अस्वस्थ करतो. तिसऱ्या आवृत्तीत नवे रूप पेलू शकत नाही ते सामान त्या रूपात विरघळून जाते आणि निकामी होते. विरघळणाऱ्या सामानात भाकरीची शिदोरी असते तशी ब्लॅकरेझरही असते. तलवार आणि धारक यांच्यात इच्छांचा संघर्ष झाला तर अहंचा अंक काढावा, धारकाने मनोबळाचा फासा टाकावा, हरल्यास तलवारीचे ऐकावे, हे सारे नियम तपशिलाने दिलेले आहेत. २० किंवा त्याहून अधिक अहं असलेली वस्तू स्वतःला धारकाहून श्रेष्ठच समजते, असेही सांगितले आहे. असा अहं धारकाच्या अस्वलदेहात विरघळताना त्याला एका फाशाचाही अधिकार नाही. तलवारीचे मन धन्याला विरोध करते तेव्हा तिला व्यक्ती म्हणून ओळखले जाते. धन्याचे शरीर पालटले की ती पुन्हा त्याच्या सामानाच्या यादीत जाते. येथील मौनाचा अर्थ एवढाच लावता येतो, की संहितेला या मनाची गरज संघर्षापुरतीच होती.

भारतीय कथापरंपरेशी तुलना केली तर फरक ठळक होतो. सिंहासनबत्तिशीतील पुतळ्या बोलतात, पण त्या शापित अप्सरा आहेत. त्यांचे मन वस्तूच्या आधीचे आहे, आणि शाप संपला की ते आपल्या ठिकाणी परत जाते. खेळातील तलवारीच्या मनाला असे माहेर नाही. ते वस्तूबरोबर घडले, वस्तूतच आहे. वस्तू विरघळली तर त्याने कोठे जावे?

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने वर्गीकरणाचा हा पसारा आवरला. सबुद्ध वस्तू म्हणजे सूत्रधाराच्या हाती असलेले एक पात्र, एवढेच तिने म्हटले. बदल लहान नाही, कारण कोटीचा प्रश्न तिने भूमिकेचा केला. ‘ट्रू पॉलिमॉर्फ’ हा मंत्र मात्र जीवावर किंवा मंत्रविरहित वस्तूवरच चालतो, आणि तलवार पुन्हा दोहोंच्या मधल्या फटीत पडते. या मंत्राचे दोन तपशील लक्षणीय आहेत. जिवाची वस्तू झाली तर त्या काळाची त्याला आठवण राहत नाही. उलट वस्तूचा जीव झाला आणि ते रूप कायम राहिले, तर मांत्रिकाची सत्ता संपते, आणि त्याने त्या जीवाला कसे वागवले यावर पुढची मैत्री अवलंबून राहू शकते. खड्याला येथे भूतकाळ मिळाला, कृतज्ञता वा राग धरण्याचा हक्क मिळाला. अस्वलाच्या अंगात तासभर अडकलेल्या तलवारीला तो मिळालेला नाही.

या वाचनावर सरळ आक्षेप असा घेता येईल, की ही मौने संपादकीय निसटणी आहेत, त्यांत तत्त्वज्ञान शोधणे व्यर्थ. हा आक्षेप निम्मा खरा आहे. वोल्फगांग ईझरच्या वाचनप्रक्रियेच्या उपपत्तीतील रिक्त जागा संहितेच्या रचनेतूनच येतात आणि वाचकाला कामाला लावतात. नियमपुस्तकातली ही फट दोन वेगवेगळ्या पानांवरच्या, बहुधा एकमेकांचा विचार न करता लिहिलेल्या वाक्यांमधून पडते. पण एस्पेन आर्सेथने ‘सायबरटेक्स्ट’मध्ये (१९९७) ज्या संहितांचा विचार केला, त्यांच्या बाबतीत वाचकाच्या कृतीवाचून संहिता पुरी होतच नाही. नियमपुस्तकाची फट मेजावर प्रत्यक्ष भरावीच लागते, कारण अस्वल समोर उभे असते आणि पुढची पाळी आलेली असते. शिवाय निसटणी यदृच्छेने झाली असती तर ती कधी या बाजूला, कधी त्या बाजूला पडली असती. येथे तिसऱ्या आवृत्तीपासून ती प्रत्येक वेळी मालकाच्याच बाजूला पडते.

सूत्रधाराने फट कशी भरावी याचे तीन पर्याय दिसतात. तलवार झोपली असे म्हणावे. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरस. तलवार जागी आहे पण मुकी आहे असे म्हणावे. मग धारक मूळ रूपात येताच तिच्याशी बोलणे क्रमप्राप्त होते, आणि तिची पहिली तक्रार काय असेल हे ठरवावे लागते. तिसऱ्या पर्यायात तलवार अस्वलाच्या देहात धारकाच्या मनाशेजारी जागी असते, आणि अहंचा संघर्ष आता एकाच कवटीत चालतो. नियमांचे शब्द निकामी होण्याविषयी बोलतात ते वस्तूच्या शक्तीसंबंधी. मन हे शक्तींपैकी एक आहे असे संहितेने कोठेही म्हटलेले नाही. म्हणून अक्षरशः वाचन करणाऱ्यालाही हा तिसरा पर्याय नाकारता येत नाही. ब्लॅकरेझर जवळ बाळगणाऱ्याने अस्वल होण्यापूर्वी हे परिच्छेद पुन्हा एकदा वाचलेले बरे.