एका विमानाची चार वर्षं

व्हिकर्स व्हायकाउंटचा पहिला नमुना म्हणजे जी-एएचआरएफ हे विमान. त्याची सेवानोंद वाचताना प्रथम जाणवतो तो तिचा आटोपशीरपणा. १६ जुलै १९४८ ला इंग्लंडमधल्या विस्लीच्या धावपट्टीवरून पहिलं उड्डाण, आणि २७ ऑगस्ट १९५२ ला खार्टूममध्ये उतरताना चाकांचा सांगाडा कोसळून शेवट. यात तिकीट काढलेले प्रवासी नेले ते जेमतेम चार आठवडे. तरीही एखाद्या कसलेल्या कथेसारखी ही नोंद पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटते.

कथेची सुरुवात प्रतिकूल आहे. युद्धानंतरच्या ब्रिटनला युरोपातल्या छोट्या मार्गांसाठी विमान हवं होतं. व्हिकर्सने गॅस टर्बाइनवर पंखे फिरवायचा मार्ग धरला. विमानाचं नाव ठरलं होतं ‘व्हाइसरॉय’. १९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला, व्हाइसरॉयचं पदच संपलं, आणि ‘व्हायकाउंट’ हे नाव आलं. दिल्लीतल्या सत्तांतराची खूण अशी एका ब्रिटिश विमानाच्या नावात राहून गेली. पण खरी अडचण गिऱ्हाइकाची होती. बीईए या सरकारी विमान कंपनीने पिस्टन इंजिनांच्या अँबॅसेडरला पसंती दिली होती. ३२ आसनांचं व्हायकाउंट हवेत गेलं तेव्हा त्याची वाट पाहणारं कुणी नव्हतं.

मग येते सर्वांना ठाऊक असलेली तारीख : २९ जुलै १९५०. लंडनच्या नॉर्थोल्टहून पॅरिसच्या ल बूर्जेला गेलेलं हे उड्डाण म्हणजे टर्बाइनवर चालणाऱ्या विमानाची जगातली पहिली नियमित प्रवासी फेरी. वैमानिक कॅप्टन रिचर्ड रायमर. १४ प्रवासी तिकीट काढलेले, १२ पाहुणे, आणि त्यांत जेट इंजिनाचे एक जनक फ्रँक व्हिटल. हा प्रसंग आहेच देखणा. मला मात्र त्यानंतरच्या ओळी अधिक मोलाच्या वाटतात. पॅरिसच्या फेऱ्या दोनेक आठवडे चालल्या आणि १५ ते २३ ऑगस्ट हेच विमान एडिंबरोच्या मार्गावर धावलं. तिथे कलामहोत्सवाचे दिवस होते. आता या आसनांवर बसणारे होते सामान्य प्रवासी. त्यांना इंजिनाच्या रचनेशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी फक्त अनुभवलं की हे विमान थरथरत नाही.

या थरथर नसण्यातच या नोंदीचं सौंदर्य आहे. पिस्टनच्या इंजिनात दट्ट्या मागेपुढे आदळत राहतो आणि तो हादरा आसनापर्यंत पोचतो. रोल्स-रॉइसच्या डार्ट इंजिनात मुख्य भाग न आदळता सतत गोल फिरत राहतात. व्हायकाउंटमध्ये समोरच्या टेबलावर नाणं कडेवर उभं करून पाहायची प्रवाशांना हौस होती, आणि ते उभं राहायचं. त्यात हवेचा दाब राखलेली केबिन, मोठाल्या लंबगोल खिडक्या. कागदावरचे आकडे जे पटवू शकले नव्हते, ते प्रवाशांच्या शरीराला आपसूक कळलं. त्याच ऑगस्टच्या सुरुवातीला बीईएने अधिक लांबीच्या, जास्त प्रवासी नेणाऱ्या ७०१ जातीच्या २० व्हायकाउंटची मागणी नोंदवली. डार्टची ताकद वाढत होती, म्हणून हे मोठं विमान परवडणारं झालं, हे खरं. पण या विमानाच्या उड्डाणांचा पुरावा हाती नसता तर बीईएचं मन इतक्या ठामपणे वळलं असतं असं मला वाटत नाही.

खार्टूमची नोंद त्रोटक आहे, आणि तिला त्याहून जास्त जागा द्यायची गरजही नाही. विमानाचं काम तोवर झालं होतं. १८ एप्रिल १९५३ ला ७०१ व्हायकाउंट लंडनहून निकोसियाच्या मार्गावर नियमित सेवेत उतरलं. पुढे सर्व प्रकार मिळून चारशेंहून अधिक व्हायकाउंट बांधली गेली. त्यांतली काही १९५७ पासून इंडियन एअरलाइन्सकडे आली, आणि व्हायकाउंटचं डार्ट इंजिनच नंतर आपल्याकडच्या फॉकर फ्रेंडशिपवर आणि कानपूरला बांधलेल्या ॲव्हरो ७४८ वरही होतं.