आधी कान, मग डोळे

1975-76 साली उपग्रहावरून खेडोपाडी दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला. त्यात शेजारचे कर्नाटक आणि आंध्र होते, महाराष्ट्र नव्हता. सीमेवरचं आमचं देगलूर त्या पडद्याला असं थोडक्यात मुकलं. दिल्लीच्या टीव्ही स्टुडिओत दिग्दर्शिका सई परांजपे यांनी नाटुकली बसवली होती. त्यांचं हे घडणीचं काम आमच्यापर्यंत आलं ते ‘स्पर्श’सारख्या चित्रपटातून. त्याची गोष्ट आधी ‘रैना बीती जाय’ या टेलिनाटकात येऊन गेली होती.

हे मूळ माहीत असलं की ‘स्पर्श’ वेगळाच दिसतो. खरं तर ऐकू येतो. अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध (नसीरुद्दीन शाह) डॉक्टरकडे निघालेला असतो. वाटेत कुठल्याशा घरातून गाणं येतं आणि डॉक्टर राहतो बाजूला, हा त्या दारात जाऊन उभा. पुढे मेजवानीत कविताला (शबाना आझमी) तो ओळखतो तेही आवाजावरूनच. नायिकेचं रूप आधी दाखवायचं ही हिंदी सिनेमाची जुनी खोड. इथे नायकापुरती ती आधी आवाज आहे. सईंची सुरुवात पुणे आकाशवाणीवरची, मग दूरदर्शन. ही वाट चाललेल्या बाईलाच असा प्रवेश सुचावा!

माझा सर्वांत आवडता प्रसंग कार्यालयातला. कविता भेटायला आलीय, अनिरुद्ध यजमान म्हणून तिची सरबराई करतोय. ती सहज मदतीला हात पुढे करते आणि तो उखडतो. घडतं एवढंच. टीव्हीच्या छोट्या पडद्यावर भव्यता चालत नाही, तिथे माणसाच्या हाताची हालचाल हीच घटना. गंमत अशी, की तोवर आपणही मनातल्या मनात त्याच्या मदतीला उठलेले असतो, त्यामुळे त्याचा राग आपल्यालाही लागतो. दया आणि अगत्य यांतली रेघ एकही भाषण न देता आखून होते.

उत्तरार्धात मात्र पात्रं मनातलं जरा जास्तच उलगडून सांगतात. पण दिल्लीच्या अंध शाळेतली खरी मुलं पडद्यावर आली की ती तक्रार विसरायला होते. ती गरीब बिचारी नाहीत. चांगली खट्याळ आहेत. 27 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत नसीरला अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा मान मिळाला. मला विचाराल तर त्यातला एक वाटा दिल्लीच्या त्या स्टुडिओचा.