बारोलो : रंग म्हातारा, चव तरुण

पाच-सहा वर्षांची बारोलो ग्लासात ओतली की नवख्याचा हमखास गैरसमज होतो. रंग फिका, आरपार दिसणारा. ग्लास तिरका धरला तर कडेला विटकरी झाक. गडद, काळसर रेड वाइन म्हणजेच दमदार, असं मानणाऱ्याला ही उतरणीला लागलेली वाटते. मग तो घोट घेतो आणि कच्चं जांभूळ चावल्यासारख्या त्याच्या हिरड्या आवळून येतात.

हा चकवा नेब्बिओलो या द्राक्षाचा. त्याच्या सालीतल्या रंगद्रव्यांत हवेने लवकर विटणाऱ्या प्रकारांचा भरणा आहे, म्हणून रंग ऐन तारुण्यात उतरतो. साल आणि बियांमधलं टॅनिन मात्र भरपूर, आणि आंबटपणाही त्याच्या जोडीला. परिणामी ही वाइन दिसायला लवकर वयस्क होते आणि चवीला फार उशिरा वयात येते. बारोलोची सगळी गोडी मला या विसंगतीत वाटते. डोळ्यांवर विसंबून तिची पारख करता येत नाही.

इटलीच्या वायव्येला, पीडमाँट प्रांतात, आल्बा शहराजवळच्या लांगे टेकड्यांतली 11 गावं एवढाच हिचा मुलूख. बारोलो हे त्यांतल्याच एका गावाचं नाव. द्राक्ष फक्त नेब्बिओलो. दुसऱ्या कशाची भेसळ कायद्याने चालत नाही. हे द्राक्ष भारी नखरेल. कोंब इतरांच्या आधी फुटतात, म्हणजे वसंतातल्या हिमाचा धोका. पिकतं सगळ्यांच्या शेवटी, म्हणजे शरदातल्या पावसाचाही. त्यामुळे दक्षिणेकडची उन्हाची उतरण त्याला राखून ठेवतात आणि उरलेल्या जागी बार्बेरा, दोल्चेत्तो ही दुसरी द्राक्षं किंवा हेझलनटची झाडं लावतात. पीडमाँट आणि आसपासच्या आल्प्सच्या दऱ्या सोडल्या, तर ते जगात फारसं कुठे रमलेलं नाही.

या इवल्याशा मुलखातही माती दोन तऱ्हांची. पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो गावाभोवती निळसर करडी, चुनखडीची चिकणमाती. तिथली वाइन सुगंधी आणि जरा लवकर मोकळी होणारी. पूर्वेला सेर्रालुंगा गावाची माती त्याहून जुनी, वालुकाश्माचे थर असलेली. तिथली वाइन करारी, वर्षानुवर्षं मिटून बसणारी. मला विचाराल तर सेर्रालुंगा. पण धीर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

बाजारात येण्याआधी बारोलोला किमान 38 महिने मुरावं लागतं, त्यांतले 18 लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ म्हणजे जास्त मुरवलेली असेल तर 62. खरी घडण पुढे बाटलीत होते. टॅनिनचे रेणू एकमेकांना धरून मोठे होत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि तुरटपणाची धार बोथट होते. ताजा गुलाब आणि चेरीच्या वासाची जागा सुकलेल्या पाकळ्या, ज्येष्ठमध, ओला पालापाचोळा घेतात. आणि डांबर! गुलाब नि डांबर ही जोडी समीक्षकांनी घासून गुळगुळीत केली आहे, पण चांगली जुनी बारोलो हुंगल्यावर दुसरे शब्द सुचत नाहीत हेही खरं.

या वाट पाहण्यावरूनच तिथे मोठं भांडण पेटलं. 1983 मध्ये एलिओ आल्तारे या तरुणाने वडिलांची जुनी मोठी पिंपं चक्क यांत्रिक करवतीने कापली आणि 225 लिटरची नवी फ्रेंच ओक पिंपं आणली. वाइन लवकर पिण्याजोगी व्हावी, जगात खपावी, हा हेतू. उलट बाजूला बार्तोलो मास्कारेल्लो. या म्हाताऱ्याने 1999 सालच्या आपल्या वाइनच्या लेबलवर स्वतःच्या हाताने ‘नको ती छोटी पिंपं, नको तो बर्लुस्कोनी’ अशा अर्थाची घोषणाच लिहिली; बर्लुस्कोनी म्हणजे इटलीतला तेव्हाचा बडा राजकारणी. माझं मन म्हाताऱ्याकडे झुकतं, कारण नव्या ओकचा व्हॅनिलासारखा वास गुलाबावर कुरघोडी करतो. पण बेप्पे फेनोल्यो या आल्बाच्याच लेखकाने ‘ला मालोरा’ या कादंबरीत रंगवलेलं लांगेतलं दारिद्र्य आठवलं, की गिऱ्हाईक मिळवायला निघालेल्या पोराला दोष देववत नाही.

आज बहुतेक उत्पादक मधल्या वाटेने जातात. शिवाय हवा तापू लागल्यापासून द्राक्षं पूर्वीपेक्षा लवकर आणि पुरती पिकतात, टॅनिनही कोवळेपणीच मऊ लागतं. जी घाई करवतीला पुरती जमली नाही ती उन्हाने साधली. पिणाऱ्यांची त्याबद्दल तक्रार नाही. माझी थोडी आहे.