पेटंट अर्जांच्या परीक्षणातील ‘स्पीशीज’-निवडीची अट : एक चिकित्सा

प्रस्तावना
एका अर्जात एकच शोध असावा, हे अमेरिकेच्या पेटंट व्यवस्थेतील मूलभूत तत्त्व आहे. तेथील १९५२ च्या कायद्यातील कलम १२१ नुसार, अर्जात दोन किंवा अधिक ‘स्वतंत्र आणि भिन्न’ शोध आढळल्यास पेटंट कार्यालय अर्जदारास त्यांपैकी एकापुरते मर्यादित राहण्यास सांगू शकते. स्पीशीज-निवडीची अट हे या अधिकाराचेच एक रूप होय. प्रस्तुत लेखात या अटीचे स्वरूप, समर्थन व मर्यादा यांचा परामर्श घेतला आहे.

अटीचे स्वरूप
येथे ‘जीनस’ व ‘स्पीशीज’ या संज्ञा जीवशास्त्रीय अर्थाने वापरलेल्या नाहीत. रेणूच्या विशिष्ट स्थानी मिथिल, क्लोरो किंवा फिनाइल यांपैकी कोणताही गट असू शकतो, असा व्यापक दावा हा जातिवाचक दावा. त्यातील प्रत्येक निश्चित संयुग ही एक स्पीशीज. नियम १.१४६ अन्वये परीक्षक पूर्वज्ञानाची छाननी करण्याआधीच अर्जदारास एक स्पीशीज निवडावयास सांगू शकतो. जातिवाचक दावा मान्य झाल्यास इतर स्पीशीजही वाजवी संख्येपर्यंत त्याच अर्जात विचारात घेतल्या जातात. तो अमान्य झाल्यास त्यांच्यासाठी विभाजित अर्ज करावा लागतो.

समर्थनाची बाजू
एका दाव्यात असंख्य संयुगे सामावलेली असतील, तर सर्वांची छाननी मर्यादित वेळेत करणे परीक्षकास अशक्य होते. अपुऱ्या छाननीवर दिलेले पेटंट लोकहितास बाधक ठरते. शिवाय विभाजित अर्जाविरुद्ध मूळ पेटंटचा दाखला देता येणार नाही, असे संरक्षण कलम १२१ मध्येच आहे. त्यामुळे ही अट सर्वस्वी अन्यायकारक म्हणता येत नाही.

मर्यादा
तथापि तीन आक्षेप विचारार्ह आहेत. पहिला आक्षेप शब्दार्थाचा आहे. कायद्यात ‘स्वतंत्र आणि भिन्न’ असे शब्द असताना कार्यालयाची परीक्षण-पुस्तिका ‘आणि’चा अर्थ ‘किंवा’ असा घेते. विधिमंडळाने घातलेली मर्यादा अशा रीतीने प्रशासकीय अर्थविवरणाने सैल होते.

दुसरा आक्षेप दाव्याच्या अखंडतेचा आहे. ‘वेबर’ प्रकरणात १९७८ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, कलम १२१ च्या आधारे एकच दावा तुकड्यांत विभागून नाकारता येत नाही. आपला शोध कोणत्या व्याप्तीत मांडावा, हे ठरविण्याचा हक्क अर्जदाराचा आहे. निवडीच्या अटीने दावा नाकारला जात नाही, हे खरे; परंतु निवडलेली स्पीशीज पूर्वज्ञानात न आढळल्यास छाननी टप्प्याटप्प्याने विस्तारावी, हा संकेत काटेकोरपणे पाळला गेला नाही, तर व्यवहारात परिणाम तोच होतो.

तिसरा आक्षेप दाद मागण्याच्या मार्गाचा आहे. हरकत नोंदवूनही अर्जदारास निवड करावीच लागते. अटीविरुद्ध अपील चालत नाही. कार्यालयाच्या संचालकांकडेच विनंती-अर्ज करावा लागतो. ज्या कार्यालयाचा भार हलका करण्यासाठी अट घातली जाते, तेच तिच्या योग्यतेचा निर्णय करते. विभाजित अर्जाची वीस वर्षांची मुदतही मूळ अर्जाच्या तारखेपासूनच मोजली जात असल्याने विलंबाची झळ अर्जदारास बसते. अल्प साधनांच्या विद्यापीठास किंवा एकट्या संशोधकास ती अधिक जाणवते.

भारतीय संदर्भ
भारतीय पेटंट कायदा, १९७० मधील कलम १०(५) एका संशोधनकल्पनेने जोडलेल्या शोधसमूहास एकाच अर्जात वाव देते व कलम १६ विभाजित अर्जाची तरतूद करते. येथे कसोटी शोधांमधील आंतरिक संबंधाची आहे. अमेरिकन पद्धतीत परीक्षकाच्या श्रमभाराला मोठे स्थान आहे. नोव्हार्टिस प्रकरणात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापक दाव्याची व्याप्ती आणि त्यातील प्रकटीकरण यांत मोठी दरी मानण्यास नकार दिला. जातिवाचक दावा किती व्यापक मांडावा, हा प्रश्न त्यामुळे भारतीय संशोधकांनाही परका नाही.

निष्कर्ष
स्पीशीज-निवडीची अट रद्द करणे व्यवहार्य नाही. मात्र छाननीचा भार नेमका कोणता, हे परीक्षकाने प्रत्येक वेळी सकारण नोंदविणे आणि त्या कारणांची स्वतंत्र तपासणी होणे आवश्यक आहे. श्रमविभागणीची सोय हक्काच्या संकोचाचे साधन होऊ नये, एवढी दक्षता घेतली तरच या अटीचे समर्थन टिकू शकेल.